चार नंबरच्या पुढे

ऑफिसात त्याला सगळे तपासनीस म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्याला ते आवडायचं. कामही तेच होतं. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम वाचायचा, चुका काढायच्या आणि लिहिणाऱ्याला चारचौघांत त्याची लायकी दाखवून द्यायची. कंपनी म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या निवासांसाठी घंटेची यंत्रणा बनवायची. खाटेशी एक बटण असतं, ते दाबलं की खोलीच्या दारावर दिवा लागतो आणि सिस्टरच्या टेबलावरच्या पॅनलवर खोलीचा नंबर उजळतो. पॅनलच्या पोटात एक चिप असते आणि ती सी भाषेतल्या हजारभर ओळींवर चालते. त्या ओळी लिहिणाऱ्यांपैकी एकालाही, तपासनिसाच्या मते, वाणसामानाची यादीसुद्धा धड लिहिता आली नसती.

नाकावर माशी बसू न देण्याचा हा स्वभाव त्याने आईकडून घेतला होता. आई ब्याऐंशी वर्षांची होती. तीन महिन्यांपूर्वी न्हाणीत घसरून पडली, खुब्यात पट्टी बसवावी लागली, आणि मग ती कंपनीचीच यंत्रणा असलेल्या एका निवासात नऊ नंबरच्या खोलीत राहायला गेली. हे तिनेच ठरवलं. "सुनेच्या हातचा तो पाणचट चहा दिवसातून चारदा पिण्यापेक्षा मी परक्यांच्या हातचा पिईन," असं तिने सुनेसमोरच जाहीर केलं. सुनेने लगेच बॅग भरायला घेतली.

तपासनीस दर शनिवारी तिच्याकडे जायचा. गेल्यागेल्या ती त्याच्या शर्टाला नावं ठेवायची, मग त्याच्या पोटाला, मग त्याने आणलेल्या बिस्किटांना. तासभर ती बोलायची आणि तो ऐकून घ्यायचा. जगात तपासनिसाला तपासणारं हे एकच माणूस उरलं होतं. तिथून निघताना त्याला आंघोळ करून बाहेर पडल्यासारखं वाटायचं. ऑपरेशनच्या दिवशी, भुलीच्या औषधातून बाहेर येताना ती दोन तास काहीच बोलली नव्हती, आणि ते दोन तास तो सारखा तिच्या नाकापुढे हात धरून बघत बसला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी ती म्हणाली, "तुझी घंटा मुकी आहे."

"मुकी म्हणजे?"

"म्हणजे मुकी. सकाळी अकराच्या पुढे दाबते, दाबते, कुणी फिरकत नाही. माझ्या लेकाच्या कंपनीची घंटा म्हणून मी इथे टेंभा मिरवला. आता तोंड लपवून बसायची पाळी आणलीस."

सोमवारी अकराला तपासनीस रजा टाकून तिथे हजर झाला. लांबलचक व्हरांडा, एका बाजूला ओळीने बारा दारं, दुसऱ्या बाजूला खिडक्या. फिनेलचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास. व्हरांड्याच्या तोंडाशी टेबल, टेबलावर पॅनल, आणि पॅनलमागे मोठ्या सिस्टर. अंगाने भक्कम, बोलायला कमी, अंबाड्यात पेन खोचलेलं. त्यांच्याकडे एक नजर टाकून त्याने मनाशी निकाल दिला: बाई पाट्या टाकते, घंटा बिचारी वाजत असणार.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पॅनलवर चार नंबर उजळला. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्हाला दिसत नाही का?" तपासनीस म्हणाला.

"ती खोली रिकामी आहे, सर. रोज लागतो दिवा. तीन-चार मिनिटांनी आपोआप विझतो."

"आणि तुम्ही तक्रार केली नाहीत?"

"केली होती की. तुमचे ते मफलरवाले सर आले होते. आठवडाभर रोज येऊन इथे बसायचे. मग म्हणाले, लागू दे."

तपासनिसाने आईच्या खोलीत जाऊन तिला बटण दाबायला सांगितलं आणि पळत परत आला. पॅनलवर नऊ नंबर नव्हताच. नुसता चार. चार विझला आणि त्याच क्षणी नऊ उजळला. मोठ्या सिस्टरबद्दलचा निकाल त्याला मागे घ्यावा लागला, आणि त्याचा राग त्याने मफलरवर धरला.

चार नंबरमध्ये कधीच कुणी राहिलं नव्हतं. खिडकीला लागून जनरेटरची खोली होती, तिच्या घरघरीमुळे ती कुणाला द्यायची सोयच नव्हती. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. खाटेशेजारी एक खुर्ची होती. बटण भिंतीवरच्या हुकाला नीट टांगलेलं होतं. तपासनिसाने स्क्रू-ड्रायव्हरने डबी उघडली आणि आतल्या दोन्ही वायरी उपटून बाजूला वाकवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी अकरा दहाला फोन करून विचारलं, तर चार नंबर लागला होता.

"ओल," तो म्हणाला. त्याच्या धंद्यात वायरीचं जे कळत नाही त्याला ओल म्हणतात.

मग त्याने ऑफिसात बसून मफलरचा प्रोग्राम उघडला. मफलर हा त्याचा जुना सहकारी. बारा महिने गळ्यात मफलर, तोंडातल्या तोंडात बोलणं, आणि मागच्या वर्षी निवृत्त होताना निरोपाच्या समारंभात केलेलं अर्ध्या मिनिटाचं भाषण. प्रोग्राम सरळ होता. एक लूप. लूप म्हणजे फेरा मारणारा पहारेकरी समजा. एक नंबरच्या दाराशी जातो, घंटा दाबली आहे का बघतो, असेल तर दिवा लावतो, मग दोन नंबर, मग तीन, असं बारापर्यंत. बारा झाले की परत एकपासून. सेकंदात असे पन्नास फेरे. पण मफलरने मधेच एक ओळ घुसडली होती: खोली चार असेल आणि तिची घंटा चालू असेल, तर ब्रेक. ब्रेक म्हणजे पहारेकऱ्याला सांगायचं, पुरे, फेरा सोड, परत एकपासून सुरुवात कर. म्हणजे चारची घंटा चालू असेपर्यंत पाच ते बारा या दारांशी कुणी जाणारच नाही. तिथे कुणी मेलं तरी दिवा लागायचा नाही.

त्या ओळीच्या शेजारी मफलरने एक टीप लिहून ठेवली होती: 'इथून पुढे जाऊ नये.'

तपासनिसाने ती टीप सगळ्या विभागाला मोठ्याने वाचून दाखवली. "का जाऊ नये? ते नाही लिहिलं. आली लहर, मारला ब्रेक. फेरा पुरा करायचाही कंटाळा माणसाला." विभाग हसला. न हसणाऱ्यांचे प्रोग्राम त्याच्याकडे तपासायला असायचे, त्यामुळे सगळेच हसले.

त्याने तो ब्रेक उडवला. एवढ्यावर थांबला असता तर तो तपासनीस कसला? त्याने लूपच्या आतला भाग नव्याने लिहिला. मफलरने जिथे एकाखाली एक अटी रचल्या होत्या, तिथे त्याने देखणा स्विच घातला. स्विच म्हणजे चौकशीच्या खिडक्या. साधी हाक असेल तर पहिली खिडकी, न्हाणीघरातली असेल तर दुसरी, तातडीची असेल तर तिसरी, आणि प्रत्येक खिडकीवरचं काम संपलं की तिथेही एक ब्रेक, नाहीतर पहिल्या खिडकीचं काम दुसरीत घरंगळत जातं. शिवाय त्याने नोंदवही घातली. कोणती घंटा किती वाजता, किती सेकंद वाजली, ते सगळं ऑफिसात बसून वाचता यावं. पुढच्या मंगळवारी दुपारी नवा प्रोग्राम पॅनलमध्ये चढवून त्याने आईला बटण दाबायला लावलं, आणि दोन मिनिटांत सिस्टर दारात उभी राहिली.

"जमलं म्हणायचं," आई म्हणाली. तिच्या तोंडून ही पदवी मिळाल्यासारखीच होती.

बुधवारी संध्याकाळी त्याने नोंदी वाचल्या. अकरा दहाला चार नंबर, आठ सेकंद. त्याला लागून पाच नंबर, आठ सेकंद. मग दोन्ही बंद.

गुरुवारी चार, पाच, सहा. प्रत्येकी आठ सेकंद.

ओल पसरते आहे, त्याने ठरवलं, आणि वायरमनला पाठवलं. वायरमन अर्धा दिवस भिंती ठोकून आला आणि म्हणाला, ओल नावालाही नाही. वायरमनलाही काही कळत नाही, याची तपासनिसाने मनात नोंद घेतली.

शुक्रवारी चार, पाच, सहा, सात. आणि त्या दिवशी त्याला आणखी एक गोष्ट दिसली. ती दिसायला दोन दिवस लागले याचाच त्याला आधी राग आला. पाच नंबरमध्ये एक निवृत्त हेडमास्तर होते आणि ते दिवसाला पंधरा-पंधरा वेळा घंटा वाजवायचे. चहा गार, खिडकी उघडी, खिडकी बंद. बुधवारच्या अकरा दहानंतर पाच नंबरची एकही घंटा नव्हती. सहा नंबरची गुरुवारपासून एकही नाही. सातची आज सकाळपासून नाही.

त्याने मोठ्या सिस्टरना फोन लावला. "ती बटणं बंद पडलीत का?"

"नाही, सर. मी स्वतः दाबून बघितली. चालतायत. त्यांना काही लागतच नाही."

"लागत नाही म्हणजे?"

"हेडमास्तर परवापासून मला आभारी आहे म्हणतात. दोन वर्षं त्यांचं करतेय मी. चमचा फेकून मारायचे."

"मग बरंच झालं की."

"हो," सिस्टर म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. "काल त्यांचा मुलगा येऊन गेला. त्याला त्यांनी खुर्ची दिली, प्रवास कसा झाला विचारलं, पाणी विचारलं. मुलगा बाहेर येऊन रडत उभा होता."

"का?"

"मी विचारलं. काही नाही म्हणाला. बाबा फार चांगले वागले म्हणाला."

तपासनिसाने फोन ठेवला. म्हातारी माणसं म्हटली की असं चालायचंच, हे वाक्य त्याने स्वतःला दोनदा ऐकवलं. नोंदी मात्र त्याने परत उघडल्या आणि चार, पाच, सहा, सात या आकड्यांकडे बघत बसला. नऊला दोन दिवस होते.

शनिवारी दुपारी तो आईकडे गेला. वाटेत आठ नंबरचं दार उघडं होतं. आठमध्ये एक गाणाऱ्या बाई राहायच्या. सकाळ-दुपार त्यांचा रियाज चालायचा आणि आई भिंतीवर काठी आपटून त्यांच्या सुराची हजेरी घ्यायची. दोघींना त्यावाचून दिवस जायचा नाही. आज बाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर, मान जराशी खुर्चीकडे वळलेली. खुर्चीत कुणी नव्हतं. पाहुण्यांचं बोलणं ऐकावं तशा त्या हळूहळू मान हलवत होत्या. त्याच्याकडे लक्ष गेलं तेव्हा त्यांनी हसून नमस्कार केला.

आई आज शर्टाबद्दल काही बोलली नाही. बिस्किटांचा पुडा तिने तसाच बाजूला ठेवला.

"ती आठमधली आज गायली नाही," ती म्हणाली. "काठी आपटली मी. उत्तरच नाही."

"बरं नसेल."

"काल सातमधल्याचं तेच. परवा सहा." तिने आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली येऊ शकतो हे त्याला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं. "अकराच्या पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. कुणीतरी बसतं बघ. काल दोन भिंतींपलीकडे होता, आज एकच भिंत मधे होती."

"आई, तू असलं बोलतेस?"

"मला घरी ने."

"डॉक्टर सोमवारी येणार. त्यांनी बघितल्याशिवाय तुला हलवायचं नाही, माहीत आहे ना?"

"मग उद्या सकाळी इथे येऊन बस," आई म्हणाली. "तुझ्या घंटेचा उपयोग नाही मला. तू ये." आणि मग तिने त्याचा हात धरला. असला बावळटपणा तिने आजवर कधी केला नव्हता. तपासनीस घाबरला. आईसाठीच घाबरला, हे कबूल करण्याइतकी अक्कल त्या क्षणी त्याच्यात होती.

व्हरांड्यातूनच त्याने मफलरला फोन लावला. वर्षभरात हा पहिला फोन.

"ब्रेक काढलात?" मफलरने नमस्कारही न घेता विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नाहीतर तुम्ही मला कशाला फोन कराल? परत लावा. माझी जुनी फाईल असेल, ती जशीच्या तशी घाला."

"कारण काय?"

"कारण माहीत असतं तर टिपेत लिहिलं नसतं का? मी आठवडाभर नुसतं बघत बसलो. लूप चारवरून मागे फिरला की ती चारवरच राहते. पुढे गेला की तीही पुढे जाते."

"ती कोण?"

"घंटा म्हणतोय मी."

"आणि तेवढ्या वेळात पुढच्या खोल्यांत कुणाला काही झालं तर?"

"तीन-चार मिनिटांचा प्रश्न होता. मी ते मान्य केलं." त्याने घसा खाकरला. "माझ्या वेळी पाच नंबरमध्ये एक बाई होत्या. मला उशीर झाला."

"त्यांचं काय झालं?"

"काही नाही," मफलर म्हणाला. "फार गोड झाल्या."

रविवारी दहाला तपासनीस लॅपटॉप घेऊन मोठ्या सिस्टरच्या टेबलाशी बसला. त्याआधी तो आईला भेटून आला होता. "अकरा दहाला मी इथे असेन, आधी पॅनलचं काम उरकतो," असं सांगून आला होता. ऊन व्हरांड्यात अर्ध्यापर्यंत आलं होतं. मफलरची जुनी फाईल लॅपटॉपमध्ये होती. ती उचलायची आणि चढवायची, पाच मिनिटांचं काम. त्याने ती उघडली. एकाखाली एक रचलेल्या त्या गबाळ्या अटी, मधेच खुपसलेली ती ओळ, ती टीप. सबंध विभागासमोर ज्याची टर उडवली, ते आता आपल्या हाताने परत पॅनलमध्ये घालायचं? उद्या कुणी फाईल उघडून बघितलं तर? ते त्याच्या घशाखाली उतरेना. ब्रेक लावायचा ना, मग आपण लावू, पण आपल्या प्रोग्राममध्ये, आपल्या पद्धतीने, शोभेल अशा जागी.

त्याने आपला स्विच उघडला. चार नंबरची ती हाक साधी हाक म्हणूनच येत होती. पहिल्या खिडकीत, दिवा लावण्याच्या कामानंतर, त्याने दोन ओळी लिहिल्या: खोली चार असेल तर ब्रेक. टीप लिहिली नाही. चांगल्या प्रोग्रामला टीप लागत नाही, असं तो शिकाऊ मुलांना दरवर्षी सांगायचा. प्रोग्राम चढायला बराच वेळ लागला, कारण केबल दोनदा सैल झाली आणि दोन्ही वेळा त्याने केबल बनवणाऱ्यांचा उद्धार केला. अकराला पाच कमी असताना काम झालं.

"तपासून बघायचं का, सर?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"दोन ओळी आहेत, सिस्टर."

अकराला तो उठला होता, आईकडे जायला. पण एकदा चार नंबर लागून तिथेच थांबलेला डोळ्यांनी बघावा आणि मग जावं, असं त्याला वाटलं. आईला जाऊन सांगता आलं असतं, की झालं, मीच केलं. तो टेबलाशीच उभा राहिला.

अकरा दहाला चार नंबर उजळला.

तो बघत राहिला. पाच, सहा, सात सेकंद. पॅनलवर नुसता चार. त्याने श्वास सोडला. "मफलरला एवढंच करायला आठवडा लागला," तो सिस्टरना म्हणाला.

पाच उजळला.

तपासनीस पॅनलकडे बघत राहिला. मग लॅपटॉपकडे. पहिली खिडकी, दिवा, खोली चार असेल तर ब्रेक. सगळं बरोबर होतं. ओळ तीच, शब्द तोच.

जागा तेवढी वेगळी होती.

ब्रेक माणसाला फक्त सगळ्यात जवळच्या कुंपणाबाहेर काढतो. मफलरचा ब्रेक उघड्या लूपमध्ये होता, तो लूपबाहेर पडायचा. याचा ब्रेक स्विचच्या आत होता. त्याने फक्त खिडकी सुटली आणि पहारेकरी निमूट पुढच्या दाराकडे निघाला. शिकाऊ मुलांच्या पहिल्या परीक्षेतला हा प्रश्न तपासनीस स्वतः काढायचा. जो चुकायचा त्याला उभं करून विचारायचा, घरी शेती आहे का?

सहा उजळला.

प्रोग्राम बदलून चढवायला वीस मिनिटं लागली असती. त्याने पॅनलची वायर भिंतीतून उपटली. पॅनल काळं पडलं.

व्हरांड्यात सहाच्या दारावरचा दिवा विझला आणि सातचा लागला. त्या दिव्यांना वीज पॅनलमधूनच जात होती.

तो धावला. पन्नाशीतला, पोट सुटलेला, धावायची सवय नसलेला माणूस. एक नंबर. दोन. तीन. चारच्या बंद दाराकडे त्याने बघितलं नाही. पाचमध्ये हेडमास्तर दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांनी त्याला हात जोडले.

पुढे आठचा दिवा लागला.

"आई," तो ओरडला. "आई, बोलत राहा."

आतून तिचा आवाज आला. "आलास का रे? किती उशी..."

नऊचा दिवा लागला.

दार लोटलेलं होतं. त्याने ढकललं तर ते सहज उघडलं. आत ऊन होतं. पांढरी चादर, पाण्याचा तांब्या, न उघडलेला बिस्किटांचा पुडा. खुर्ची खाटेला अगदी लागून होती. आई उशीला टेकून बसली होती, ताठ, हात मांडीवर. बटण तिच्या हाताजवळ तसंच पडलं होतं. बाहेर दारावरचा दिवा विझला. त्याने सेकंद मोजले नव्हते, पण ते आठच असणार.

"आई," तो धापा टाकत म्हणाला. "माझं चुकलं. माझ्या हातून चूक झाली. ब्रेक चुकीच्या जागी पडला. बोल मला काय बोलायचं ते."

ती त्याच्याकडे बघून हसली. तिचं हसणं छान होतं, सगळ्या चेहऱ्यावर पसरलेलं. तिला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं.

"बसा ना," ती म्हणाली. "धावत आलात. फार त्रास घेतलात तुम्ही."

तो उंबऱ्यातच उभा राहिला. दारात मोठ्या सिस्टर येऊन थांबल्या होत्या. त्याही आत आल्या नाहीत.

"आई, हा शर्ट बघ," तो म्हणाला. त्याने शर्ट ओढून धरला. "कालचाच घातलाय. इस्त्री पण नाही. बघ ना."

"छान आहे," आई म्हणाली.

"मी कोण आहे, आई? मला ओळखलंस ना?"

तिने मान खुर्चीकडे वळवली आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत अदबीने थांबली. मग तिने मान डोलावली आणि त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही माझे चिरंजीव आहात म्हणे," ती म्हणाली.